उकिरड्याची हद्द

आमच्या गावात कोणी तब्येतीची चौकशी केली तर खुशाल सांगून टाकावं. गुडघे कसे आहेत, साखर किती निघाली, सगळं. पण कोणी उकिरड्याची चौकशी केली, तर हा माणूस आपल्याकडं येण्याआधी कोणाच्या ओट्यावर बसून आला, ते आधी काढून घ्यावं.

म्हणून हायस्कूलच्या मॅडम स्कूटी लावून माझ्या ओट्यावर बसल्या आणि "आजी, तुमचा उकिरडा पाहायचा होता" असं म्हणाल्या, तेव्हा मी चहा टाकला खरा, पण साखर टाकताना माझं लक्ष त्यांच्या पर्सकडं होतं. त्यात कागद आहे का, कागदावर शिक्का आहे का, तेच पाहत होते.

बाहेरच्या माणसाला हे कळायचं नाही, म्हणून सांगते. आमच्या गावाच्या कडेला, वावराकडं जाणारी पांदण सुरू होते तिथं, सगळ्या घरांचे उकिरडे ओळीनं आहेत. शेण, राख, झाडलोट, सोयाबीनचं कुटार म्हणजे भुसकट, सगळं तिथं पडतं आणि उन्हाळ्यात त्याचं खत गाडीनं वावरात जातं. आता ही जागा कोणाची, याला कागद नाही. सातबारा नाही, घराच्या उताऱ्यात तिचं नाव नाही. ढीग हाच कागद. ज्याचा ढीग त्याची जागा, आणि ढीग हलला की जागा गेली. वरच्या आळीतलं एक घर दोन वर्षं पुण्याकडं कामाला गेलं होतं. परत येऊन पाहतं तर त्यांच्या उकिरड्यावर दुसऱ्याच्या बकऱ्या रवंथ करत होत्या, वर टिनाचं छप्पर सुद्धा. कोणाला म्हणणार?

त्यात त्या वर्षी गावात बोलणं सुरू झालं होतं की ग्रामपंचायतीला कचऱ्याचं शेड बांधायला जागा पाहिजे. जिथं मोकळं दिसेल तिथं बांधतील. माझी अर्ध्या एकरातली हळद या खतावर उभी असते. ती जागा गेली तर खत कुठं करू, डोक्यावर?

आणि माझ्या ढिगाला लागून माझ्या धाकट्या जावेचा ढीग. मधे एक दगड. तो दगड सासऱ्यांनी हद्द म्हणून रोवला, एवढं आम्हा दोघींना पक्कं ठाऊक होतं. तो नेमका कुठं रोवला, यावरून मात्र आम्ही बारा वर्षं बोलत नव्हतो. मी म्हणे तिनं सरकवला, ती म्हणे मी. लग्नात, मयतीत एका पंगतीला बसलो, पण ताटाला ताट लागू दिलं नाही.

तर मॅडम म्हणाल्या, शनिवारी मुलं दप्तर आणत नाहीत. नववीच्या मुलांना कचऱ्याचा धडा आहे. ओला कचरा, सुका कचरा, पुन्हा वापर, सगळं पाठ आहे, पण हातात केळीचं साल आणि प्लास्टिकची पन्नी दिली तर दोन्ही एकाच खिडकीतून फेकतात. "तुमच्यासारखं खत गावात कोणाचं नाही, असं सगळे सांगतात. तुम्ही शिकवा ना."

"सगळे म्हंजे कोण?"

मॅडम हसल्या. मी नाही हसले.

मी चौथी शिकलेली बाई. पुढचं सगळं किराण्याच्या पुडीचे कागद वाचून झालं. मला कोणी शिकवायला बोलावलं, याचा आनंद नाही झाला असं म्हटलं तर खोटं होईल. पण आनंद एकीकडं आणि संशय एकीकडं, दोन्ही एकाच चुलीवर शिजत होते. शेवटी हो म्हटलं ते याच्यासाठी, की मी नाही म्हटलं असतं तर मॅडम दहा पावलं चालून जावेकडं गेल्या असत्या.

पहिल्या शनिवारी सव्वीस पोट्टे आले. पोरी नाकाला ओढणी लावून, पोरं नाक धरून. त्यांच्यात सगळ्यात पुढं माझ्या जावेची नात. दोन वेण्या, पायात बूट, हातात वही. मला म्हणते, "मोठे आजी, मी लिहून घेतो सगळं."

लिहून घेतो! माझ्या मनात आलं, घे बाई, घरी जाऊन वाचूनही दाखव.

मी म्हटलं, "नाक सोडा आंदी. ज्यानं नाक धरलं त्याले इथं काही शिकाले भेटत नाही. खत झालं का नाही हे नाकच सांगते." मग ढिगाच्या पोटात हात घातला आणि मूठभर काळं, भुसभुशीत खत काढून एकेकाच्या नाकाखाली धरलं. त्याला वास येत नाही, येतो तो ओल्या मातीचा. पोट्टे एकमेकांकडं पाहू लागले. मग दुसरा हात घातला आणि बाहेर आली एक बियाण्याची पिशवी. निळी, चकचकीत, कंपनीचं चित्र तसंच्या तसं. माझ्या थोरल्याच्या लग्नाच्या साली ते बियाणं पेरलं होतं. त्या थोरल्याची पोरगी आज कॉलेजात आहे.

"हे पाहा. शेण खाल्लं मातीनं, कुटार खाल्लं, माहं जुनं लुगडं खाल्लं. अन् हे अजून तोंडात धरून बसली हाये. गिळवत नाही, थुंकवत नाही. तुमचा ओला न् सुका मले समजत नाही. तुराट्या सुक्याच राह्यतात, पण त्याचं खत होते. मातीनं खाल्लं थे एका बाजूनं टाका, नाही खाल्लं थे दुसऱ्या बाजूनं."

मॅडमनी ते वहीत लिहिलं. मला बरं वाटलं, आणि लगेच वाटलं, हिले कायले पाहिजे माहं बोलणं?

मग पोट्ट्यांनी वेचायला सुरुवात केली. शांपूच्या पुड्या, चहाचे कप, लग्नातल्या थर्माकोलच्या पत्रावळी, औषधाच्या बाटल्या. फवारणीच्या डब्यांना मी हात लावू दिला नाही, ते मॅडमनी हातमोजे घालून वेगळे ठेवले. आणि खर्ऱ्याच्या, म्हणजे घोटलेल्या तंबाखू-सुपारीच्या, पन्न्या तर विचारू नका. एका पोराच्या हाताला नुसत्या खर्ऱ्याच्या पन्न्या लागत होत्या. दुसरा म्हणाला, "अबे, तुह्या बाबाचं खातं उघडलं का इथं?" तो म्हणाला, "माह्या बाबाचं एकट्याचं नाही, तुह्या मामाचंबी हाये, हे पाय, त्याच्यावानी चघळून फेकेल." मी ओरडले, पण तोंडाला पदर लावून.

दोन शनिवारांत सात पोती भरली. ती बाभळीखाली रचून ठेवली. भंगारवाला आला की त्याला द्यायची. आणि माझा ढीग, जो कमरेच्या वर होता, तो मांडीखाली आला. जावेचाही तसाच. कारण पोट्ट्यांनी दोन्ही ढीग निवडले. मॅडम म्हणाल्या, "पाहिलं का आजी, अर्ध्याहून जास्त तर प्लास्टिकच होतं."

मी पाहिलं ना. मी पाहिलं की दोन ढिगांच्या मधे चांगली दहा पावलं जागा मोकळी पडली होती. आणि मधे तो दगड, उघडा.

तिसऱ्या शनिवारी ती नात टेप घेऊन आली.

"कायले मोजून राह्यली वं?"

"मॅडमनं सांगतलं."

"मॅडमनं सांगतलं का घरून सांगतलं?"

पोरीनं माझ्याकडं पाहिलं. "घरून काय सांगतीन? आजी तं म्हणते, तिकडं जाऊच नोको, मोठी आजी तुले बोलण्यात घोळवन."

पाहा, म्हणजे घरी चर्चा होती. पोरीनं दगडापासून माझ्या बाजूला दोन हात आत टेप धरली आणि दुसऱ्या पोरीनं तिथं फक्कीची रेघ ओढली. फक्की म्हणजे ती पांढरी भुकटी, खो-खोच्या मैदानाला टाकतात ती. एकच रेघ. सरळ, लांब, माझ्या जागेतून. मग घंटा झाली, पोट्टे गेले, मॅडमची स्कूटी गेली, आणि मी त्या रेघेकडं पाहत उभी.

दगडाच्या अलीकडं दोन हात! दगड सरकवून पुरलं नाही, म्हणून आता शाळेकडून रेघ ओढून घेतली. मी आठवून पाहिलं, मॅडम पहिल्या दिवशी आल्या तेव्हा स्कूटी कोणत्या बाजूनं आली होती? जावेच्या बाजूनं. आता गावात यायला रस्ता तोच एक आहे, पण रागाच्या डोळ्याला रस्ते दिसत नाहीत.

सोमवारी चक्कीवर गेले दळण घेऊन. तिथं एक बाई म्हणाली, "ऐकलं का काकू, या आठवड्यात मोजाले येऊन राह्यले. मोकळ्या जागांची यादी करणार हायेत." बस. माझं दळण गरम होतं, पण अंगाला थंडी वाजली.

त्याच दुपारी, गाव वावरात गेल्यावर, मी उकिरड्यावर गेले. आता जे केलं ते सांगायला लाज वाटते. बाभळीखालचं एक पोतं ओढलं आणि मोकळ्या जागेवर पालथं केलं. सगळ्या पन्न्या, पुड्या, पत्रावळी. वर चार टोपल्या कुटार टाकलं, म्हणजे दिसायला ढीग. रेघ बुजून गेली. मनाला थंडावा पडला. आणि दुसरं पोतं ओढायला वळले, तर बाभळीच्या पलीकडून तेच पोतं दुसरं कोणी ओढत होतं.

माझी जाऊ.

एका पोत्याचे दोन कान, दोन म्हाताऱ्या. बारा वर्षांनी तिनं तोंड उघडलं.

"सोडा बाई. हे पोतं आमच्या ढिगातलं हाये."

"तुह्या ढिगातलं? यात माह्या घरच्या चहाच्या पुड्या हायेत, आम्ही हाच चहा पेतो."

"आमी नाही पेत का चहा?"

"अन् तू कायले आली पोतं न्यायले?"

"तुमी कायले आल्या?"

मग तीच खालच्या आवाजात म्हणाली, "चक्कीवर ऐकलं तुमीबी?" मी मान हलवली. म्हटलं, "तुले काय भेव? तुह्या नातीनं तं रेघ माह्या जागेतून ओढली. दोन हात तुह्या पदरात पडले."

"थेच तं!" ती म्हणाली. "त्याच रेघीनं माह्या जीवाले घोर लागला. तुमी दोन हात जागा गुपचूप सोडली? तुमी? मी म्हटलं, काही तरी मोठा डाव असन."

मला हसू आलं ते मी गिळलं. शत्रूला आपली एवढी नीट ओळख असते, हे मला माहीत नव्हतं. पण पोतं कोणीच सोडलं नाही. शेवटी ते मधोमध फाटलं आणि ज्याच्या त्याच्या वाट्याला आलं ते ज्यानं त्यानं आपल्या बाजूला पसरलं.

चौथ्या शनिवारी पोट्टे आले आणि उभेच राहिले.

त्या खर्ऱ्यावाल्या पोरानं एक पन्नी उचलली. "मॅडम, हे तं मीच वेचली होती. मी गाठ मारली होती तिले." दुसरी पोरगी म्हणाली, "वाऱ्यानं आल्या असतीन." तो म्हणाला, "वाऱ्यानं अन् वरून कुटार टाकलं?"

मॅडम माझ्याकडं पाहत होत्या. सव्वीस पोट्ट्यांपुढं मी तीन शनिवार माती काय खाते, काय थुंकते हे सांगितलं होतं, आणि मातीच्या तोंडात ते पुन्हा कोंबणारी मीच. पण मी लाजण्याआधी भांडते, माझा स्वभावच तसा. त्या नातीला म्हटलं, "आंदी हे सांग, तू माह्या जागेतून रेघ कायले ओढली? कोनं सांगतलं?"

पोरीचा चेहरा उतरला. "मोठे आजी, थे हद्दीची रेघ नाही."

"मंग कायची?"

"खड्ड्याची. चौकोन काढत होतो आमी. एक बाजू ओढली अन् फक्की सरली. बाकीची खेळाच्या मास्तरनं कुलूप लावून ठेवली होती." तिनं खिशातून एक पुडी काढली. "आज आणली."

पोट्ट्यांनी कुटार-पन्न्या बाजूला सारून बुजलेली रेघ मोकळी केली, आणि माझ्यासमोर तिनं उरलेल्या तीन बाजू ओढल्या. मोठा चौकोन. अर्धा माझ्याकडं, अर्धा जावेकडं. मॅडम म्हणाल्या, एकेकीच्या ढिगात आता खतापुरता माल उरला नाही, दोन्ही मिळून एक खड्डा चांगला भरेल, म्हणून मोजायला सांगितलं होतं. "मी तुम्हाला आधी सांगायला पाहिजे होतं आजी." सांगायला पाहिजेच होतं. पण सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला असता का, हा प्रश्नच आहे.

जाऊ तिकडून पाहत होती, ती आता जवळ आली. कारण चौकोनाच्या बरोबर मधे तो दगड होता.

"दगडाले हात लावाचा नाही," ती म्हणाली.

"अजिबात नाही," मी म्हणाले. बारा वर्षांत आमचं एकमत झालं ते त्या एका वाक्यावर. "सासऱ्यानं रोवेल दगड हाये थो."

पण पोट्टे ते पोट्टे. आम्ही बोलत होतो तोवर तिघांनी पहारीनं तो हलवलाही होता. दगड फारसा खोल नव्हताच. पालथा झाला आणि धुरळा बसला, तर खालच्या अंगावर टाकीनं ठोकलेले बारीक बारीक खड्डे. ओळीनं. एका टोकाला फुटलेला, दुसऱ्या टोकाचा कोपरा उडालेला.

पाटा होता तो. सासूबाईंचा मसाला वाटायचा पाटा. मी लग्न होऊन आले त्या साली माझ्याच हातून वरवंटा निसटला होता आणि त्याचा कोपरा उडाला होता. सासूबाईंनी मला काय काय म्हटलं ते मला पाठ आहे. पुढं तो मधोमध फुटला आणि हा अर्धा त्यांनी उकिरड्यावर टाकून दिला. सासऱ्यांनी काहीही रोवलं नव्हतं. सासरे या बाजूला कधी फिरकत पण नव्हते.

जावेनं टाकीच्या खड्ड्यांवरून बोट फिरवलं. "आत्याबाईचा पाटा," ती म्हणाली आणि मट्कन खाली बसली.

नात दोघींकडं पाहत होती. "म्हंजे आजी, तुमी बारा वर्सं कचऱ्यासाठी कचऱ्यावरून भांडल्या?"

"थोबाड आवर," जाऊ म्हणाली. पण मागं पोट्टे हसायला लागले होते, आणि मॅडमनी तोंड फिरवलं होतं, त्यांचे खांदे हलताना मी पाहिले.

आम्हाला हसायला वेळ मिळाला नाही. अकराच्या सुमाराला ग्रामसेवक आणि दोन मेंबर ओळीनं उकिरडे पाहत पाहत आमच्यापर्यंत पोचले. हातात टेप, कागद. चक्कीवरची बातमी खरी होती. ग्रामसेवकांनी चौकोनाकडं पाहिलं, फक्कीकडं पाहिलं.

"ही मोकळी जागा कोणाची?"

"आमची," मी म्हणाले.

"आमची," जाऊ म्हणाली. एकाच वेळी.

आमच्याकडं बाई कधी 'माझी' म्हणत नाही. घर आमचं, वावर आमचं, म्हैस आमची. नवरा जाऊन दहा वर्षं झाली तरी मी आमचंच म्हणते. मी म्हटलं तेव्हा माझ्या मनात माझंच घर होतं, आणि तिच्या मनात तिचं. पण ग्रामसेवक दुसरीकडचा माणूस. त्यांनी पेन वर धरून विचारलं, "म्हणजे दोघींची मिळून?"

मी जावेकडं पाहिलं नाही. तिनंही माझ्याकडं पाहिलं नाही. नाही म्हणावं, तर जागा वादातली ठरते, आणि वादातली मोकळी जागा त्या यादीत सगळ्यात वर जाते. हो म्हणावं, तर ते शब्द तोंडातून निघेनात. एक मेंबर गालात हसत होता. त्याला आमचं भांडण पहिल्यापासून माहीत.

"दोघींचीच हाये," नात म्हणाली. "अन् मोकळी नाही. खताचा खड्डा खणून राह्यलो आमी. पाहा." आणि तिनं कुदळ उचलून चौकोनात घाव घातला. मग त्या खर्ऱ्यावाल्या पोरानं घातला. मग सव्वीसच्या सव्वीस जणांनी.

ग्रामसेवक पाच मिनिटं उभे राहिले. कागदावर काही लिहिलं आणि पुढच्या उकिरड्याकडं गेले. काय लिहिलं ते मी मान उंचावून पाहिलं, पण त्यांचं अक्षर किराण्याच्या कागदासारखं छापील नव्हतं. आजवर मला त्याचा पत्ता लागलेला नाही. शेड दुसऱ्या टोकाला झालं, एवढं खरं. जागा राहिली. पण राहिली ती दोघींची होऊन, आणि आमच्यापैकी एकीनंही तसं म्हटलं नव्हतं.

उरलेला कचरा आम्ही दोघींनी त्याच दिवशी पुन्हा वेचला, पोट्ट्यांसोबत, खाली मान घालून. मी पोट्ट्यांना एवढंच म्हटलं, "भेवापायी केलं मी. मोकळं दिसलं की जाते, हे भेव." त्यावर पोरं हळूच आपापल्या घरच्या उकिरड्यांकडं पाहू लागली. घरोघरी आजी-आजोबा पन्न्या का उचलू देत नाहीत, हे त्यांना त्या दिवशी कळलं असावं. पुढच्या शनिवारपासून ती ज्या घरी गेली, तिथं आधी खड्ड्याचा चौकोन आखायची, मग पन्नीला हात लावायची. चौकोन आखलेला दिसला की माणसं अडवत नसत.

उन्हाळ्याच्या शेवटी खड्डा उघडला. खत असं निघालं, की हातात धरलं तर चहापत्ती. जाऊ टोपलीनं भरून आपल्या ढिगावर टाकायची, मी माझ्या. एक तिची, एक माझी. बोलणं सुरू झालं होतं, कामापुरतं. ऊन लागत होतं. बऱ्याच वेळानं ती टोपली खाली ठेवून कमरेवर हात देऊन उभी राहिली.

"बाई, मोजून राह्यल्या का माह्या टोपल्या?"

"नाही वं. मी कायले मोजू?"

"मंग डाव्या हाताचे बोटं काहून मुडपले?"

मी हात पदराखाली घेतला. "तुले कसं दिसले? तू टोपली भरत होती का माह्याकडं पाहत होती?"

"दोन्ही," ती म्हणाली, आणि टोपली उचलून खड्ड्याकडं वळली.